दातांवर रंगाचा पहिला हात

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भटक्या भाच्याचा, आहे तिथूनच वाकून, नमस्कार. (खरंच वाकलो. आमच्या रंगाच्या दुकानाच्या मालकांना वाटलं माझं काहीतरी पडलं, म्हणून तेही वाकले, आणि आम्ही दोघं बराच वेळ काउंटरखाली काहीच नसलेलं शोधत होतो.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो वाजतो असं लिहिलं होतंस. वाजायचा थांबला, की तुलाच त्याची सवय झाली? मांजर परत आलं का? आलं नसेल तर काळजी करू नकोस, ते माझ्यासारखंच असणार, कुठेतरी उन्हात पडलेलं असेल आणि घरची आठवण काढत असेल, फक्त उठायचा कंटाळा. मी बरा आहे. जेवतो वेळेवर. पायाला भिंगरी आहेच, पण या गावात ती जरा हळू फिरते. इथे दुपारी रस्त्यावर सायीसारखं जाड ऊन पसरतं आणि त्यातून चालताना आपण कुठे निघालो होतो ते सावकाश पुसलं जातं. मागे एकदा मी पोस्टात निघालो आणि कालव्यावर पोचलो. तिथे एक माणूस नाव उलटी घालून तिला निळा रंग देत होता. मी बसलो बघत. रंग पाण्यात दिसत होता आणि पाणी रंगात, आणि मला वाटलं, आपणही असंच कुठेतरी उलटं होऊन पडावं, कुणीतरी येऊन आपल्याला एक हात मारून जावं. (पोस्ट तोवर बंद झालं. उत्तराला उशीर झाला तो असा.)

तर मुद्दा. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे तुला नवीन नाही. शाळेत मास्तर म्हणायचे, हा मुलगा प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळं छान लिहितो.

तू लिहिलंस की कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांनी तुला लग्नाचं विचारलं आहे. ते वाचून मी रंगाच्या डब्यावर बसलो (डब्याचं झाकण लावलेलं नव्हतं, पण ती हकीकत वेगळी). पुढे तू लिहिलंस की माणूस चांगला आहे, तुला आवडतो, पण पुढच्या दोन दातांमधली फट बुजवल्याशिवाय तू उत्तर देणार नाहीस. उभं आयुष्य जे तोंड हाताआड झाकलं, ते घेऊन डोळे तपासणाऱ्या माणसासमोर रोज सकाळी चहाला कशी बसू, असं तुझं म्हणणं. आणि मी ज्या गावात आहे तिथे दातांचे चांगले दवाखाने आहेत, तेव्हा मी गुपचूप चौकशी करून दुखतं का, बरं दिसतं का, ते कळवावं. एवढंच काम होतं. मी चौकशी केली, आणि जरा जास्तच केली.

या कामाला कॉम्पोझिट व्हेनीअर म्हणतात. नावाला घाबरू नकोस, आम्ही भिंतीच्या भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो तसलाच प्रकार आहे. दाताच्याच रंगाचा मऊ लेप असतो, तो दातावर थराथराने चढवतात, आकार देतात, दिव्याने कडक करतात, मग घासून चकचकीत करतात. फट असेल तर दोन्ही बाजूंचे दात लेपाने थोडे रुंद करून मिटवतात. आता तुला माहीत आहे, आमच्या धंद्यात अख्ख्या भिंतीला रंग लावायच्या आधी दाराआडच्या एखाद्या कोपऱ्यात हातभर लावून बघतात. आवडला तर पुढे, नाहीतर कोपरा कोण बघतोय. मी विचार केला, आजोबांची फट बाबांना आली, बाबांच्या धाकट्या बहिणीला आली आणि तिथून काही न विचारता माझ्याकडे आली. भिंत एकच आहे. मग आत्याच्या आधी कोपरा आपण व्हावं. शिवाय माझ्या दाताचा एक कोपरा लहानपणी डबा दाताने उघडताना उडालेला, तोही भरून निघेल. हे सगळं मी कालव्यावर बसून ठरवलं, त्यामुळे ते फार सुंदर वाटलं.

डॉक्टरीणबाई बुटक्या आहेत, भिंगाचा चष्मा लावतात आणि काम करताना गुणगुणतात. त्यांच्या मदतीला एक मावशी असतात, त्या तोंडातलं पाणी ओढायची नळी धरतात. पहिल्याच भेटीत बाईंनी मला समजावलं की सगळ्यात आधी रंग जुळवावा लागतो, तो चुकला की बाकी कारागिरी वाया. हे ऐकून माझी छाती फुगली. आत्या, रंग जुळवणं हे जगातलं एकच काम मला येतं. आणि रंगाचा पहिला नियम असा की ओल्या भिंतीवरून रंग ठरवायचा नाही. ओली भिंत खोटं बोलते. ती वाळू द्यायची, मग काय ते बघायचं. दात तर जन्मभर ओले. म्हणजे आजवर कुणी माणसाच्या दाताचा खरा रंग पाहिलेलाच नाही, असं माझ्या डोक्यात आलं, आणि मी मनातल्या मनात बाईंवर उपकार करायचं ठरवलं.

कामाच्या दिवशी मी लवकर गेलो. बाहेरच्या खोलीत पंख्याखालची खुर्ची धरली, दुकानातून आणलेल्या सुती फडक्याने पुढचे दात नीट पुसले आणि वरचा ओठ उचलून बसलो. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना वाटलं मी त्यांच्याकडे बघून हसतोय. ते बराच वेळ परत हसत राहिले, मग दमून वर्तमानपत्राआड गेले. पंख्याचा वारा दातांवरून जात होता. डोळे मिटले की वाटायचं, कुठल्यातरी माळावर एक पांढरं कुंपण आहे, वारा त्याला विचारतोय घरात कोण आहे, आणि कुंपणातल्या एका फटीतून आपणच सांगतोय, कुणी नाही, या. तेवढ्यात माझा नंबर आला. मावशींनी चूळ भरायला पाणी दिलं. ते मी दातांना न लावता, मान वर करून, कोंबडीसारखं सरळ घशात सोडलं.

बाई म्हणाल्या, "तोंड एवढं कोरडं कसं? भीती वाटते?"

मी मान डोलावली. भिंतीचं सगळं शास्त्र सांगत बसण्यापेक्षा भीती सोपी होती. मग त्यांनी खिडकीच्या उजेडात माझ्या दातांशेजारी एक पट्टी धरली, तिच्यावर दातांच्याच आकाराचे तुकडे ओळीने लावलेले, आमच्या शेड कार्डाची धाकटी बहीणच. बऱ्याच वेळाने त्यांनी एक तुकडा निवडला, मला वाटलं होतं त्याहून फिका. मला फार अभिमान वाटला. सत्य नेहमी आपल्या अंदाजाहून फिकं निघतं, असं काहीतरी मनात आलं आणि ते कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं, पण ओठांना ताणून धरणारं प्लॅस्टिकचं कडं बसलं होतं आणि डोळ्यांवर नारिंगी चष्मा.

दुखत नाही. हे तुला मी छातीठोक सांगतो. आधी दातावर एक आंबट निळी जेल लावतात, ती धुतात, मग ब्रशने पातळसं काहीतरी, म्हणजे आपलं प्रायमर. मग लेपाचा कण, चपट्या पात्याने तो पसरणं, मागे सरून डोळे बारीक करून बघणं (अगदी आमच्या रंगाऱ्यासारखं), आणि मग निळा दिवा. दिवा टीक टीक करतो आणि लेप दगड होतो. नारिंगी काचेतून सगळी खोली संध्याकाळ झाल्यासारखी दिसते, आणि नळीचा आवाज असा की समुद्र मागे हटतोय आणि वाळूवर शिंपले उघडे पडतायत. मी तरंगत होतो. माझ्या तोंडात एक घर बांधलं जात होतं. आजोबा येऊन बघून गेले. बाबा आले, त्यांनी बोटाने टकटक करून पाहिलं. तू आलीस, पण दारातच थांबलीस, हात तोंडावर. मी म्हटलं, आत्या आत ये की, तर तू म्हणालीस, अरे, येऊ कुठून, दार तर तुम्ही बुजवताय. एवढ्यात बाईंनी विचारलं, "काय करता तुम्ही?"

मी म्हटलं, "आं आआ आं."

मावशी म्हणाल्या, "रंगाच्या दुकानात आहेत म्हणे." (वर्षानुवर्षं नळी धरून त्यांना उघड्या तोंडाची भाषा येते. मी थक्क झालो.)

"अरे वा," बाई म्हणाल्या, "मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. दात सुकला की फिका पडतो. पुन्हा ओला झाला की मूळ रंगावर येतो. म्हणून मी शेड नेहमी अगदी आधी बघते, ओल्यावर."

तोवर पुढच्या चारांतले दोन दात होऊन तिसऱ्यावर लेप बसला होता. मी दोन्ही हात उचलून जमेल तेवढ्या स्पष्टपणे सांगितलं की बाई थांबा, मी दात पुसून आलोय, पंख्याखाली वाळवून आलोय, चूक झाली. ते सगळं "आं आं आआ आं" असं निघालं. बाईंनी मावशींकडे बघितलं.

"त्यांनाही पटलंय," मावशी म्हणाल्या. भाषा कळते, पण लांबलचक वाक्य आलं की त्या सारांश काढतात.

काम संपल्यावर आरसा हातात दिला तेव्हा बाकीचे दातही वाळलेलेच होते, त्यामुळे सगळं जुळलेलं, एकसारखं, इतकं देखणं दिसत होतं की मी आरसा परतच देईना. बाई हात पुसत स्वतःच्या कामाकडे बघत होत्या, लहान मुलाकडे बघावं तसं. कुणाच्या चेहऱ्यावर एवढं समाधान असताना त्याला खरं सांगावं, इतका मी शिकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी माझे जुने दात त्यांच्या रंगावर परत आले. नवे चार आले नाहीत. ते तिथेच राहिले, कुठल्यातरी मोठ्या प्रकाशात. मी काही बोललो की तोंडात कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं होतं. मालक पहिल्यांदा दचकले, मग म्हणाले, गिऱ्हाइकांपुढे बेताने हस. पण नेमक्या त्याच आठवड्यात एक बाई आल्या, त्यांना खोलीसाठी पांढरा हवा होता. आत्या, पांढऱ्यासारखा छळवादी रंग नाही. मोतिया दाखवला, तो पिवळा वाटला. खडूसारखा दाखवला, तो दवाखान्यासारखा वाटला. दुधी दाखवला, तर म्हणाल्या दूध चांगलं नाही. मालकांना घाम फुटला. मी आपला सभ्यपणे म्हणून थोडासा हसलो.

"हा," त्या म्हणाल्या.

"कुठला?" मालकांनी कार्ड चाळलं.

"ह्यांच्या तोंडातला."

मग मी काउंटरवर हनुवटी टेकून उभा, मालक एका हाताने माझा ओठ वर धरून दुसऱ्या हाताने कार्डाचे तुकडे दाताला लावतायत, त्या गिऱ्हाईक बाई डोकं तिरकं करून "जरा उजेडाकडे वळवा" म्हणतायत, आणि मागे रांगेत उभी असलेली माणसं आपापसात मत देतायत. कार्डात तो रंग मिळाला नाही. शेवटी मी डब्याच्या चकचकीत झाकणात स्वतःकडे बघत तो कालवला. पांढऱ्यात निळ्याचा एक अगदीच विचारात पडलेला थेंब. मालकांनी त्या डब्यावर माझं टोपणनाव लिहिलं. मला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता.

त्या खोलीचा पहिला हात झाला तेव्हा मी बघायला गेलो. रंगारी जेवायला बसला होता. मी उपड्या बादलीवर बसलो. रिकामी खोली, चारी बाजूंनी माझाच पांढरा, वर माझाच पांढरा, दार लोटलेलं. हळूहळू मला कळलं की मी माझ्याच तोंडात बसलो आहे. फार शांत होतं. इतकं शांत की आत काही येत नव्हतं, बाहेर काही जात नव्हतं. मी सवयीने शिट्टी वाजवायला गेलो, ती फटीतली आपली शिट्टी, जिने तू मला गल्लीच्या टोकावरून घरी बोलवायचीस (तेवढ्यापुरता तुझा हात तोंडावरून निघायचा), आणि नुसतीच हवा आली.

दारातून रंगाऱ्याने विचारलं, "काय झालं? धाप लागली?"

मी म्हटलं, वासाने.

तसं जिभेचंही आहे. ती दिवसातून पुष्कळ वेळा तिथे जाते, भिंतीला आपटते आणि परत येते, बदली झालेल्या माणसाने जुन्या घराकडे वळावं तशी. आणि एक सांगायचं राहिलं. मला घरची आठवण झाली की मी एक करायचो. दुकानाच्या काचेसमोर उभा राहून मोठ्याने हसायचो, आणि काचेत माझ्या चेहऱ्याच्या मधोमध, फटीच्या आसपास, तू सापडायचीस. तेवढं पुरायचं. आता हसतो तर काचेत एक अनोळखी सभ्य माणूस दिसतो. तोही बघून हसतो. त्याच्याशी माझं काही वाकडं नाही, पण त्याच्या आत्याला मी ओळखत नाही.

असो. तू विचारलंस तेवढ्याचं उत्तर द्यायला हवं. दुखतं का, तर नाही. बरं दिसतं का, तर दिसतं, माझ्यासारखा शहाणपणा न करता ओल्या दातांवरून रंग घेतला तर कुणाला कळणारही नाही. टणक गोष्टी दाताने तोडायच्या नाहीत, चहाने हळूहळू पिवळसर होतं, मधूनमधून पॉलिश करून घ्यावं लागतं. बाईंकडे पुढच्या महिन्यात तुझ्यासाठी वेळ राखून ठेवली आहे. तू उत्तरासाठी त्या भल्या माणसाला किती ताटकळत ठेवणार, याचा विचार कर आणि काय ते ठरव. तू आनंदात राहावंस, बाकी माझं काही म्हणणं नाही.

तुझा,
एवढ्यापुरता तरी आज्ञाधारक,
भाचा

ता. क. पाकीट चिकटवून तिकिटासाठी ठेवलं होतं, ते पुन्हा उघडावं लागलं. काल चष्मेवाले दुकानात आले. काचा घ्यायला या गावात आले होते, तू दिलेला स्वेटर घेऊन. (स्वेटर बसला. बाह्या जरा लांब आहेत, पण मी अजून वाढेन.) मी होणाऱ्या नात्याला शोभेल असा भरभरून हसलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्या तोंडाकडे असं बघितलं की जणू तिथे काही होतं आणि कुणीतरी उचलून नेलं.

"तुमच्या आत्यांना हे कुणी सुचवलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

मी "आं" म्हटलं. सवय लागली आहे.

मी म्हटलं, पण तिला फट आहे हे तुम्हाला कसं माहीत, ती तर सगळ्यांसमोर तोंड झाकते. तेव्हा ते रंगाच्या डब्यावर बसले. मग म्हणाले, डोळे तपासताना एक हात एका डोळ्यावर ठेवावा लागतो आणि दुसऱ्या हातात वाचायचं कार्ड असतं. खालची बारीक ओळ तुला वाचता येईना, तेव्हा तू हसलीस. तिसरा हात नव्हता. "म्हणून मी त्यांना परत बोलावलं," ते म्हणाले, "मग आणखी एकदा." तेव्हा आत्या, सारखं सारखं बोलावतात म्हणजे नंबर वाढतोय या भीतीने तू जी शेजारणीकडून पत्रं वाचून घेतेस, ते बंद कर. तुझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. हे सगळं त्यांनी मला पत्रात लिहू नका असं बजावून सांगितलं. म्हणून पत्र आधीच संपवलं होतं ते बरं झालं.

ता. क. दुसरा. आज मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन लेप काढून टाका म्हटलं आणि फडक्याची आणि पंख्याची सगळी हकीकत सांगितली, या वेळी तोंड मोकळं असल्याने थेट. त्या इतक्या हसल्या की भिंगाचा चष्मा काढावा लागला. म्हणाल्या, माझे मूळ दात त्यांनी मुळीच तासले नव्हते, लेप काढला की खाली सगळं जसंच्या तसं आहे, फटीसकट. फक्त माझा तो उडालेला कोपरा त्या नव्याने भरून देणार आहेत, आणि तो मूळचा कसा होता, गोलसर की सरळ, हे मलाच आठवत नाही. शेजारच्या दातावरून अंदाज येईल म्हणतात. अंदाजावर रंग कालवून मी काय मिळवलं ते वर लिहिलंच आहे. आता घराण्यात ते दात अखंड असे एकट्या तुझ्याकडे उरले आहेत. म्हणून खरी विनंती ही, की तुझ्यासाठी घेतलेली वेळ मी माझ्या नावावर करून घेतली आहे, तरी तू ये. शेजारच्या खुर्चीत बसून फक्त हस, बाई बघून करतील. आमच्या दुकानात याला नमुना म्हणतात, आणि काम होईपर्यंत नमुन्याला कुणी हात लावत नाही.

ता. क. तिसरा. चष्मेवाल्यांनाही बरोबर आण. कोपरा बरोबर बसला की नाही हे सांगायला त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही. उत्तर मात्र त्यांना गाडीतच देऊन टाक. मी स्टेशनवर उभा असेन, आणि त्यांना चष्मेवाले म्हणून हाक मारायची की आतोबा म्हणून, हे मला तुझ्या चेहऱ्यावरून लांबूनच कळलं पाहिजे. तेव्हा उतरताना दोन्ही हातांत पिशव्या असू देत.